जिभेखालचा पडदा

भाचा तीन आठवड्यांचा होता आणि आमच्या वळ गावातल्या घरात सगळे त्याच्या आईलाच खाऊ घालत होते. मेथीचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी. कारण बाळ पिताना चुटूक चुटूक आवाज करायचं, दोन मिनिटांत दमून सोडायचं, परत रडायचं, आणि वजन वाढतच नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या काकींचं एकच म्हणणं, "पोरीला दूध न्हाय." की आला डबा! ताई माझी पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली, मुकाट खायची. पाजताना तिला इतकं दुखायचं की डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, असंच असतं.

एवढी माणसं, एवढे डबे, आणि बाळाच्या तोंडात कुणी बघितलंच नाही!

वजन करायला नेलं तेव्हा नर्सबाईंनी बोटाने त्याची जीभ उचलली. उचललीच जाईना. खाली शेंड्यापर्यंत एक पातळ पडदा होता, जिभेला धरून ठेवणारा. "दूध भरपूर आहे हिला. ह्यालाच ओढता येत नाही," त्या म्हणाल्या.

मग ठाण्याला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे. वाटेत कशेळीला ट्रकांमागे दीड तास अडकलो, आणि लेझरने पडदा कापून झाला दोन मिनिटांत! खरं काम पुढे होतं. डॉक्टर म्हणाले, दिवसातून पाच वेळा स्वच्छ बोटाने जीभ वर उचलायची, नाहीतर जखम भरताना परत चिकटते. ताईला तर बघूनच रडू यायचं, आई मागे सरायची. मी लगेच म्हटलं, मी करते! नखं कापली, फ्रिजवर कागद चिकटवला, प्रत्येक वेळेला एक टिक.

पहिला दिवस मस्त. दुसऱ्या दिवशी तो असा किंचाळला की शेजारची काकी कंपाउंडवरून ओरडली, "काय गो, पोराला मारतेस काय?" आई माझा हात धरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. एवढासा जीव हाय तो." मी सोडून दिलं. आणि टिक केली. मग हे रोजचंच झालं. दुपारी झोपलाय, टिक. पाहुणे आलेत, टिक.

पाचव्या दिवशी परत तो चुटूक आवाज. ताई बाळाकडे बघत हळूच म्हणाली, "माझंच दूध कमी असणार गं." आणि तिने लाडवाचा डबा ओढला.

मी फ्रिजवरचा कागद काढून आणला. म्हटलं, "ताई, मी केलंच नाही. अर्ध्या टिका खोट्या आहेत."

तिने लाडू ठेवून दिला. "मग मला काय कोंबत बसलात सगळे?" एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी परत डॉक्टर. थोडं चिकटलं होतं, पण बोटाने सुटलं, पुन्हा लेझर लागलं नाही. तेव्हापासून ताईच करायला लागली. तो रडायचा, तीही रडायची, पण बोट काढायची नाही. काकीने हाक मारली तर आतूनच उत्तर, "मीच हाय, काकी. होईल बंद." पुढच्या आठवड्यात वजन वाढलं, आवाज गेला.

मी मात्र विचार करत राहिले. मला वाटत होतं, बाळाचं रडणं बघवत नाही म्हणजे माझं त्याच्यावर केवढं प्रेम! पण सुटका तर माझी झाली होती. भूक त्याची होती आणि दोष ताई स्वतःला देत होती.

दुसऱ्यांदा डॉक्टरकडून आलो त्या संध्याकाळी मी दारातच घुटमळत होते. ताईने हात धुतले, बाळाला मांडीवर आडवं घेतलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "उभी काय राहिलीस? डोकं धर त्याचं. हलू देऊ नको."

मी बसले आणि धरलं.