ओंजळीत जळ

आमच्या वृंदगानात आम्ही एकवीस जण. त्यातला एकही गवई नाही. बँकेतले आहेत, शाळेतले आहेत, दोघं सकाळी पूजा सांगतात आणि दुपारी गातात. दर रविवारी चार वाजता काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीतल्या गणपतीच्या देवळात, वरच्या खोलीत आम्ही जमतो. खिडकी उघडली की माकडं येतात आणि बंद केली की जीव जातो, म्हणून एकाने काठी घेऊन खिडकीशी बसून गायचं, असा आमचा शिरस्ता आहे. तरी सांगते, आम्ही चांगले गातो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण दुसरं कोण सांगणार?

शिकवते मी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे चूक ऐकू आली की माझा आवाज आपोआप चढतो. पेटीवर आमचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका. आमचं मुख्य गाणं त्यांनीच लिहिलंय. ‘ओंजळीत जळ, जळात सकाळ’ ही त्याची पहिली ओळ. ती एकटीने म्हणायची आणि मग सगळ्यांनी उचलायची. गट सुरू झाला तेव्हापासून ती ओळ माझी.

त्या वर्षी गणपतीत पुण्याचं एक गायनमंडळ काशीयात्रेला येणार होतं. आधी आम्ही गायचं, मग त्यांनी. आवडलं तर दिवाळीत आम्हाला पुण्याला बोलावणार होते. सगळे खूश झाले, मी मात्र धास्तावले. आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं, दिवसभर हिंदी बोलतो, आणि आमच्यातल्या निम्म्यांना ‘ळ’ म्हणता येत नाही. लहानपणी एका लग्नाला साताऱ्याला गेले होते. तिथे मी विचारलं, “जेवणाची वेल झाली का?” तर मावसबहीण म्हणाली, “कुठली वेल, कारल्याची?” सगळा मांडव हसला. त्यानंतर मी ‘ळ’ घोटघोट घोटला आणि जिंकला, असं मी धरून चालले होते. आता पुणेकरांसमोर माझ्या माणसांना कुणी हसलेलं मला चालणार नव्हतं.

म्हणून मी एक वाक्य तयार केलं : बाळाने केळ्याची साल गिळली. तालमीआधी प्रत्येकाने दहादा म्हणायचं. पहिल्या रविवारी ऐकू आलं, “बालाने केल्याची साल गिलली.” मी ओरडले. पुढच्या रविवारी सगळे इतक्या जिद्दीने आले की, “बाळाने केळ्याची साळ गिळळी.” काकांनी तर पेटी थांबवून विचारलं, “ताई, आज मी ठीक बजावळी ना?” मला हसू आवरेना, पण हसले नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

आमची सून मागच्या रांगेत उभी राहायची. इथल्याच मारवाड्यांची मुलगी. मुलाशी आणि आमच्याशी हिंदीतच बोलते. आवाज गोड, सूर पक्का. पण माझा हिशेब सरळ होता : जन्माने मराठी असलेल्यांना जमत नाही, तिथे हिला काय जमणार? दोन वर्षांपूर्वी ती गटात आली तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, “ळ आला की तू नुसते ओठ हलव.” ती “हो आई” म्हणाली होती.

गणपतीला तीन आठवडे उरले तेव्हा मी तालीम मोबाइलवर भरून घेतली. कोण कुठे चुकतंय ते एकदा पकडायचंच होतं. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात कागद-पेन घेऊन बसले, चोर धरायला बसल्यासारखी. सून पराठ्याचं पीठ मळत होती. मी फोनवर तालीम लावली आणि पहिलीच ओळ आली, “ओंजलीत जल, जलात सकाल.”

आवाज माझा होता.

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. माझे कान तापले. फोन खराब आहे, असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? शेवटी तिलाच विचारलं, “तुला काय ऐकू येतं गं?”

ती मळता मळता म्हणाली, “आई, बोलताना आप ठीक बोलता. लंबा सूर आला की जीभ नीचे येते.”

“तू म्हणून दाखव.”

पिठाचे हात तसेच धरून तिने ओळ म्हटली. ‘सकाळ’मधला ‘ळ’ असा स्वच्छ टेकला की मी पेन खाली ठेवलं.

“कुठे शिकलीस?”

“शिकले नाही. हमारी मारवाडी में तो है ही ये. थाळी, काळो, सब में.”

“मग दोन वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही ओठ हलव म्हणाल्या ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, मी उलट काहीतरी बोलले तरी असते.

मोठेपणा मला लगेच सुचला नाही. आठवडाभर मी चोरून सराव केला. न्हाणीघरात, गच्चीवर, भाजी आणायला जाताना. बोलताना ‘ळ’ यायचा, सूर लांबवला की पुन्हा ‘ल’. ती ओळ सोडायची म्हणजे माझ्या पोटातलं काहीतरी काढून दिल्यासारखं वाटत होतं. पण ती धरून ठेवली असती तर पुणेकर माझ्यामुळेच हसले असते, आणि एकवीस जणांची मेहनत माझ्या हट्टापायी वाया गेली असती.

रविवारी मी उभी राहिले आणि म्हणाले, “पहिली ओळ सून म्हणेल. आणि ‘ळ’ही तीच शिकवेल.” काका म्हणाले, “अहो ताई, पण आरंभ तर आपलाच...” मी त्यांना पेटीकडे बघायला सांगितलं.

माझ्यासारखं ओरडणं तिला येत नाही. ती म्हणाली, “‘का’वर थांबा. सूर वहीं लंबा करा. ‘ळ’ आखिर में, बस टेकवा.” इतकं सोपं होतं! दोन रविवारांत सगळ्यांचं सुधारलं. मी तिच्या मागे, तिसऱ्या रांगेत उभी राहून शिकले आणि माझंही बरंचसं सुधारलं.

गणपतीत गंगा चढली होती, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या आणि पाहुण्यांना गल्ल्यांतून वळसा घालून आणावं लागलं. देवळाचा हॉल भरला. तिने पहिली ओळ म्हटली तेव्हा पुणेकरांच्या पुढच्या रांगेतली कुजबुज थांबली. मग आम्ही सगळ्यांनी उचललं. गाणं संपल्यावर टाळ्या इतक्या वाजल्या की काकांना पेटीचा भाता बंद करायचं भान राहिलं नाही. दिवाळीचं आमंत्रण तिथेच मिळालं. मला माझ्या माणसांचा अभिमान वाटला, आणि त्या पोरीचा तर सगळ्यात जास्त.

खाली चहा घेताना पुण्याच्या एक वयस्क बाई माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, “तुमच्या सूनबाईंचे उच्चार किती शुद्ध! पुण्याच्या का त्या?” मी उत्तर देणार, तेवढ्यात माझ्याकडे कौतुकाने बघत त्या पुढे म्हणाल्या, “आणि तुम्ही इकडच्या हिंदी लोकांतल्या असूनही छान बोलता हो मराठी. सुनेकडून शिकलात वाटतं?”

एरवी मी त्या बाईंना तिथल्या तिथे आमचं कुळ, गोत्र आणि मूळ गाव ऐकवलं असतं.

“हो,” मी म्हणाले, “सुनेकडूनच शिकते आहे.”