हिरडीवरची काळी रेघ

त्या गुन्ह्याचा विषय निघाला की मला आरोपीच्या आधी एका बाईची हिरडी आठवते. नोकरीत मी कितीतरी माणसांचे जबाब घेतले. पण जबाब कसा घ्यावा हे मला दातांच्या दवाखान्यात शिकायला मिळाले, आणि तेही उशिरा.

मी शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या बाजूचा. घरातला पहिला पदवीधर. पुढे दौंड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी झालो. त्या हंगामात शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत बॅटऱ्यांच्या चोऱ्यांनी आम्हाला हैराण केले होते. पाटसला उसाचा ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या रांगेत उभा करून चालक चहाला जायचा. परत येतो तर बॅटरी गायब. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्याही जायच्या. आम्ही नाकाबंदी केली, भंगारवाले तपासले, खबरी कामाला लावले. एखादा चोर हाती लागे, पण माल घेणारा सापडत नव्हता. आणि तो सापडल्याशिवाय चोऱ्या थांबणार नव्हत्या.

एका सकाळी हजेरी चालू असताना ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदार म्हणजे एक जुने हवालदार होते, जिभेने तिखट.

"मॅडम, दाताची कीड पकडायला पोलीस येत नसत्यात," ते फोनवर म्हणाले. शिपाई हसले. मग हवालदारांचाच आवाज बदलला. "काय फोडतात? बॅटऱ्या?"

मी फोन हातात घेतला. पलीकडे गावातल्या दंतवैद्य होत्या, नुकताच दवाखाना टाकलेल्या.

"साहेब, माझ्याकडे दाढेसाठी एक बाई आल्यात. हिरडीच्या कडेनं निळसर काळी रेघ आहे. मला शिशाच्या विषबाधेचा संशय आहे. काम काय करता विचारलं तर बॅटऱ्या फोडते म्हणाल्या. कुठं, म्हटल्यावर गप्प बसल्या. तिथं आणखी माणसं असणार. कुणीतरी ती जागा शोधायला हवी."

"बाईंचं नाव काय?"

"ते मी सांगणार नाही."

मी साध्या कपड्यांत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझ्यापुढे अट ठेवली. ती बाई दाढेतले औषध बदलायला पुन्हा येईल तेव्हा मी समोर बसायचे, पण मी पोलीस आहे हे तिला आधी सांगितले जाईल. उठून गेली तर जाऊ द्यायचे. मला ही अट पसंत नव्हती. संशयिताला सावध करून कोण विचारपूस करतो? पण दुसरा मार्ग नव्हता.

बाई आली. काटक, तिशीच्या आतली, चेहरा पांढुरका पडलेला. मी पोलीस आहे हे ऐकताच चप्पल शोधू लागली.

"जा हवं तर," डॉक्टर म्हणाल्या, "पण दाढेतलं औषध बदलून जा. नाहीतर गाल धरून बसाल."

बाई बसली. औषध बदलता बदलता डॉक्टर बोलू लागल्या, आणि मी ऐकत राहिलो.

"मिश्री खरंच लावत नाही ना?"

"न्हाई ओ. समदे त्येच इचारत्यात. आधी दोन दवाखाने केले. 'मिश्री सोडा' म्हणले. लावतच न्हाई म्हणलं तर हसले. घरी सासू म्हणती, चोरून लावतीस, माझीच डबी रिकामी करतीस."

आमच्याकडे बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात. त्यामुळे बाईमाणसाच्या काळ्या हिरडीकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. डॉक्टरांनी मला नंतर समजावले की मिश्रीचा काळेपणा दातांवरही बसतो. हिचे दात स्वच्छ होते आणि रेघ हिरडीच्या आत होती, कापसाने पुसून जाईना. त्यांनी बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, म्हणून त्यांना पुढचा प्रश्न सुचला.

"पोट दुखतं का?"

"पिळून निघतं. परसाकडं होत न्हाई."

"तोंडाला चव कशी?"

"पैसा चोखल्यावानी."

मग डॉक्टर म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा."

बाई सांगू लागली. स्वयंपाक, मग शेडवर जाणे, घणाने बॅटऱ्या फोडणे, आतल्या शिशाच्या जाळ्या नवऱ्याकडे देणे. नवरा त्या वितळवायच्या भट्टीवर असतो. भाकरी तिथेच खायची. हात धुवायला पाणी असते कधी, कधी नसते. शेडचा पत्ता मात्र तिच्या तोंडून येईना. मी न राहवून म्हणालो, "मालकाचं नाव सांगा, तुम्हाला काही होणार नाही."

"मला न्हाई, पर त्यास्नी?" ती म्हणाली. "माझ्या मालकास्नी धरशीला का न्हाई?"

'माझे मालक' म्हणजे तिचा नवरा. डॉक्टर माझ्याकडे पाहत होत्या. खोटे बोलणे सोपे होते.

"धरावं लागंल," मी म्हणालो.

"मग झालं तर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि खुर्चीजवळ स्टूल ओढले. "घरात आणखी कुणाचं पोट दुखतं?"



"धाकटीचं."

"ती दिवसभर कुठं असते?"

"माझ्यासंगं. घरी कोन बघतंय? सासू शेतात. पोत्यावं निजती ती, तिथंच."

"कशाच्या पोत्यावर?"

"भुकटीच्या," बाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आले. तिने पदर तोंडाशी नेला. "मॅडम, तुमी म्हणला त्ये शिसं तिच्या बी अंगात गेलंय का वो?"

"रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तिला आजपासून तिथं नेऊ नका."

बाईने माझ्याकडे वळून पाहिले. "पाटस आन् भांडगावच्या मधी, उसाच्या आत. कोंबड्यांची शेड म्हणून हाय. कोंबडी एक बी न्हाई."

पंच घेऊन आम्ही छापा घातला. उसाच्या मधोमध पत्र्याची शेड, फोडलेल्या बॅटऱ्यांचा ढीग, शिशाच्या विटा. टॉवरवरच्या बॅटऱ्यांचे क्रमांक जुळले. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला. बाईचा नवरा पळाला नाही. अटकेच्या कागदावर सही करताना त्याचे मनगट लोंबत होते, पेन धरता येईना. "नाटक करतंय बघा," शिपाई म्हणाला. शिशाने मनगटातली ताकद जाते हे डॉक्टरांनी सांगितले नसते तर मलाही तसेच वाटले असते. मी त्याला आधी सरकारी दवाखान्यात पाठवले. शेडचा मालक नंतर सापडला आणि सर्वांच्या आधी जामिनावर सुटला.

वरिष्ठांनी शाबासकी दिली. चोऱ्याही थांबल्या. डॉक्टरांनी मागे लागून शेडवरच्या सगळ्या माणसांची रक्ततपासणी करून घेतली. मोठी माणसे उपचारांनी हळूहळू सुधारली. सगळ्यांत वाईट अहवाल त्या धाकटीचा आला. तिला पुण्याच्या दवाखान्यात ठेवावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, रक्तातले शिसे कमी करता येते. पोरांच्या कोवळ्या मेंदूवर झालेला परिणाम मात्र मागे फिरत नाही.

दोषारोपपत्र मी स्वतः तपासून पाठवले. त्यात चोरीचा माल विकत घेतल्याचे कलम होते, बेकायदा भट्टीचे होते. त्या मुलीबद्दल लिहिले तेवढे मला कमीच वाटत राहिले.

आम्ही महिनोन्‌महिने एकच प्रश्न विचारत होतो, माल कुठे जातो. ज्यांना विचारले ते सगळे चोर आणि भंगारवाले. शेडवरची माणसे रोज हमरस्त्यावरून चालत जात होती. ती आजारी होती, दवाखान्यांत जाऊन आपले दुखणे सांगत होती. त्यांना दिवस कसा जातो, हे विचारणारे कोणी भेटले नाही. एक डॉक्टर भेटल्या, आणि त्या भेटेपर्यंत पोरगी पोत्यावर झोपत राहिली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कोणाचाही जबाब 'सकाळी उठल्यापासून सांगा' असाच सुरू केला.

निवृत्तीनंतर शिरूरच्या एसटी स्टँडवर ती बाई भेटली. तिनेच ओळखले. आता ती माहेरी राहते, नवरा शेतात हलके काम करतो. सोबत धाकटी होती, दोन वेण्या घातलेली.

"साहेबांस्नी दात दाव," आई म्हणाली. "नवं आलेत."

पोरीने आ केला. मी वाकून पाहिले. दात पांढरे, हिरड्या गुलाबी, रेघ कुठेच नाही.

"किती आलेत गं?" मी सहज विचारले.

ती बोट लावून मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. तिथे थांबली, आईकडे पाहिले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुन्हा चारलाच थांबली, बोट पाचव्या दातावर. आई एसटीच्या वाटेकडे पाहू लागली.

"बरोबर आहे," मी म्हणालो. पोरगी हसली.