धुऱ्यानं जाय, मीच म्हणालो

सव्वीस जानेवारीला अकोटच्या शाळेत माजी सैनिक म्हणून मला बोलावतात. शाल देतात, नारळ देतात, मग माइक हातात देऊन गुरुजी म्हणतात, "काका, पाकिस्तानचं सांगा." मी पाकिस्तान पाहिलेलं नाही. मी लंकेत होतो, शांतिसेनेत. तसं म्हटलं की पोरं खिदळतात, त्यांना रामायण आठवतं. परत आलो त्या वर्षी तर मोठ्या माणसांनीही सोडलं नाही. पानठेल्यावर एकानं विचारलं, "सोन्याची वीट आनली का बे?" दुसरा म्हणाला, "लोकाच्या घरचं भांडन सोडवाले गेले अन् दोघायचाबी मार खाऊन आले." राग आला, पण त्यात खोटं काय होतं? आम्हाला शांतता राखायला पाठवलं होतं. ज्यांना वाचवायला गेलो त्यांनीच गोळ्या घातल्या, आणि परत आल्यावर ते युद्ध कुणालाच आपलं म्हणायचं नव्हतं. याचं दुःख मी केव्हाच गिळलं. माझं दुसरं एक आहे, आणि त्यात सरकारचा काही दोष नाही.

आमच्या तुकडीत दोघेच वऱ्हाडी. बाकी सातारा, कोल्हापूरकडचे. आम्ही "कावून", "मले" म्हणालो की ते नक्कल करायचे. त्यांनी आमची नावंच टाकून दिली होती. मी अकोट आणि तो पातूर. मी नायक होतो, दहा जणांचा म्होरक्या. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान, शिपाई. त्याच्या घरी कापूस आणि तूर, माझ्या घरीही तेच. त्याचं पत्र आलं की तो मला वाचायला द्यायचा. बापाच्या पत्रात पाऊसपाणी, बैल आणि वावर, एवढंच असायचं. मुलाच्या तब्येतीचं शेवटच्या ओळीत.

तिकडे सगळी भातशेती. आणि हुकूम पक्का होता की पायवाटेनं चालायचं नाही, धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालायचं नाही, कारण सुरुंग तिथेच पेरलेले असतात. चालायचं ते उभ्या पिकातून. हा हुकूम सातारकरांनी पाळला, कोल्हापूरकरांनी पाळला. आम्हा दोघांना तो रोज नव्यानं जड जायचा. आमच्याकडे पेरलेल्या वावरात कुणी चप्पल घालून जात नाही. उभ्या पिकात पाय दिला तर बाप मुस्काटात देतो. पातूर तर भातात पाऊल टाकण्याआधी हळूच वाकून हात लावायचा आणि हात छातीला न्यायचा. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करायचो, कारण मनातल्या मनात मीही तेच करत होतो.

त्या सकाळी ज्या शेताशी आलो तिथून आदल्या दिवशीही आम्ही गेलो होतो. भात नुकता निसवला होता आणि त्याच्या मधोमध आमच्या बुटांचा चिखल झालेला पट्टा होता. शेताचा मालक, म्हातारा, लुंगी खोचून उभा होता. तो हात जोडून काहीतरी बोलत होता. भाषा कळत नव्हती, पण काय बोलतोय ते आम्हा दोघांना दुभाष्याशिवाय कळलं.

पातूर माझ्याकडे वळला. "धुऱ्यानं जाऊ का? अजून किती तुडवाचं त्याचं?"

नाही म्हणायला एक शब्द लागतो. मी धुऱ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "जाय. पन पाय पाहून टाक."

दहा-बारा पावलं झाली असतील. मग आवाज. त्याला उचलायला आम्ही सगळे त्याच पिकातून धावलो. तो अर्धा तास जिवंत होता. त्या अर्ध्या तासात तो काय बोलला ते त्याच्या आईबापाचं आहे, माझं नाही, म्हणून लिहीत नाही. म्हाताऱ्याचं मात्र लिहितो. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. आमच्यातल्या दोघांनी त्याला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. मी थांबवलं, पण लगेच नाही.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, धुऱ्यावर जायचा हुकूम कुणी दिला? मी म्हणालो, कुणी नाही, तो आपल्या मनानं चढला. साहेबांनी लिहून घेतलं. माझी नायकाची फीत वाचली, पुढे हवालदारही झालो. मेलेला माणूस काही साक्ष द्यायला येत नाही.

त्याला तिकडेच अग्नी दिला होता. अस्थी आणि त्याची काळी पेटी घेऊन मलाच पाठवलं, कारण मी त्याच्या मुलखातला. पातूरच्या पुढे चार कोस त्यांचं गाव. ओसरीवर बाप बसला होता, दाराला धरून आई उभी होती. बापानं विचारलं, "कसा गेला?" मी साहेबांना सांगितलं होतं तेच सांगितलं. पीक तुडवू नये म्हणून आपल्या मनानं धुऱ्यावर चढला.

बापानं आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्याच शिकोलं त्याले. पिकात पाय देऊ नोको. लहानपनी एकडाव मारलं बी होतं." आईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

तेव्हा बोलायला हवं होतं. जीभ तोंडातच होती. मी चहा प्यालो, पाया पडलो आणि बस गाठली.

पुढे नोकरी संपली. अकोल्यात एका बँकेच्या दारावर बारा वर्षं बंदूक घेऊन उभा राहिलो. पातूर तिथून तासाभराच्या वाटेवर. गेलो नाही.

यंदा दिवाळीनंतर त्याच्या गावच्या सरपंचाचा फोन आला. शाळेच्या फाटकावर शहीद म्हणून त्याचं नाव लावायचं ठरलं होतं. "पन त्याचा बुडा बाप आयकून नाई रायला," सरपंच म्हणाला. "म्हन्ते, माह्या शिकवनीनं मेला, त्याचा कायचा मान? तुमी सोबत होते ना, तुमी समजावा."

अकोटहून अकोला, अकोल्याहून पातूर, पुढे ऑटो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात स्वतःसाठी थोडी सोय ठेवत होतो. म्हातारा बाप बाजेवर बसला होता. नव्वदीला टेकलेला, पण कान शाबूत. मी पायाशी बसलो आणि जुळवलेलं सगळं सोडून दिलं.

"बाबा, तो आपल्या मनानं नव्हता गेला. त्यानं मले इचारलं होतं. म्याच म्हतलं, धुऱ्यानं जाय. मंग चौकशीत खोटं बोललो. तुमच्या समोर बी."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच आशेनं गेलो होतो, हेही कबूल करतो. तो शांतपणे म्हणाला, "तू शिपाई होता का तवा?"

"नाई. नायक."

"म्हंजे तुह्यं आयकनंच भाग होतं त्याले."

"हाव."

"मंग लावा म्हना नाव." एवढं बोलून तो थांबला. वाटलं, झालं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची मला अजून लाज आहे.

मग तो म्हणाला, "त्याच्या मायनं त्या दिवसापासून माह्याशी बोलनं टाकलं. भाकर वाढे, दुखलं-खुपलं पाहे, पन तोंडातून शब्द नाई. म्या बी कधी म्हतलं नाई का बोल म्हनून. म्या म्हनो, तिचं बरोबर हाय. मांगच्या साली गेली. अखेरच्या दिवशी पानी पाजाले गेलो तं तिनं तोंड तिकडे केलं."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठायला आधार हवा म्हणून.

"मले सांगतलं, बरं केलं गा," तो म्हणाला. "तिले कोन सांगन?"