चौथ्या मजल्यावरून दिसणारा पत्रा

आमचं घर वारज्यात, एका गल्लीच्या टोकाला. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे आणि मागच्या खोलीवर सिमेंटचे पत्रे. त्या मागच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. आजूबाजूला पूर्वी आमच्यासारखीच घरं होती. आता सगळीकडे इमारती झाल्या आणि अगदी पाठीला जी उभी राहिली, तिच्या गॅलऱ्या थेट आमच्या पत्र्यावर उघडतात. आमच्या पत्र्यावर तुटकी बादली आहे, जुना टायर आहे, वाऱ्यासाठी ठेवलेले दगड आहेत, हे आमच्यापेक्षा तिथल्या लोकांना जास्त माहीत. याचा मला फार राग. ‘वरचे लोक’ म्हणते मी त्यांना, आणि हा शब्द कधी गोड आवाजात म्हटल्याचं मला आठवत नाही.

गेल्या मे महिन्यात दुपारी गारा पडल्या, चांगल्या सुपारीएवढ्या. पत्र्यावर असा दणका सुरू झाला की मशीन चालू आहे की थांबलंय ते पायाला कळेना. थांबल्यावर गल्लीत जो तो गारा हातात घेऊन फोटो काढत होता. मी शिडी लावली. लांबून पत्रा धडधाकट दिसत होता, पण जवळून बघितलं तर त्याच्या काळ्या शेवाळावर पांढुरके ठिपके उठले होते. गार आपटली की शेवाळ उडतं. ठिपका म्हणजे भोक नव्हे, पण जिथे ठिपके दाट, तिथे काळजीचं काम असतं. पन्हाळीत पत्र्याचे बारीक कपचेही पडले होते.

मग खोलीत येऊन मी दारं-खिडक्या लावल्या, दिवा बंद केला आणि वर बघत बसले. डोळे अंधाराला सरावले तशी एक केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. पाणी मात्र तिथून टपकत नव्हतं. ते पत्र्याच्या पोटाला धरून उतारावर सरकत होतं आणि पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पाइपाशी येऊन, बरोबर माझ्या कटिंगच्या टेबलावर पडत होतं. लग्नसराईचे दिवस. टेबलावर नवऱ्यामुलींच्या ब्लाउजांचं रेशीम होतं. ते सगळं उचलून पुढच्या खोलीत नेलं आणि खाली पातेलं ठेवलं.

परत बाहेर आले तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई वाकून म्हणाल्या, “अहो ताई, तुमच्या पत्र्याला तडा गेलाय. मोरीच्या बाजूला अजून एक दिसतोय.”

“दिसतंय आम्हाला. डोळे आहेत,” मी म्हटलं.

त्या आत गेल्या. मोरीच्या बाजूचा तडा खरं तर मला दिसला नव्हता.

पत्रेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, सगळीकडे हीच बोंब आहे, थांबावं लागेल. ओल्या पत्र्यावर टेप धरेना. तेवढ्यात पुन्हा ढग भरून आले. आमचे हे मंडळाच्या शेडमागून एक फ्लेक्स घेऊन आले. उतरवलेले फ्लेक्स तिथे टाकलेले असतात, ज्याला लागेल त्याने न्यावेत. आमच्या भागातल्या निम्म्या पत्र्यांवर कोणा ना कोणाचा वाढदिवस अंथरलेला आहे. त्यात कोणाला काही वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं.

पत्र्यावर पाय देणं म्हणजे खोलीत कोसळणं, म्हणून यांनी पाइपाच्या ओळीवर फळी आडवी टाकली आणि तिच्यावर बसून सरकत सरकत फ्लेक्स उलगडला. मी खाली शिडी धरून विटा वर देत होते. “छापलेली बाजू वर करा, पाणी घसरेल,” असं मीच ओरडून सांगितलं. कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, मध्ये फुगू नये म्हणून एक मधोमध. घाईत आणि पावसात त्यावर काय छापलंय हे दोघांनीही बघितलं नाही.

खोली कोरडी राहिली. मी आपल्याच हुशारीवर खूश. गिऱ्हाईक आलं की वर बोट दाखवून सांगायची, एवढ्या गारा पडल्या पण थेंब नाही आत. मात्र चौथ्या मजल्यावरच्या त्या बाई रोज सकाळ-संध्याकाळ गॅलरीत बसून आमच्या पत्र्याकडे टक लावून बघायच्या. मला वाटलं, माझं उत्तर झोंबलेलं दिसतंय. एकदा मी त्यांना दिसेल अशी खिडकी आपटून लावली.

मग एका सकाळी त्या स्वतःच दारात आल्या. साठीच्या असतील, साधी सुती साडी, हातात काही नाही.

“ताई, जरा बोलायचं होतं. ते पत्र्यावरचं...”

मी पुढचं ऐकलंच नाही. “का, शोभा जाते का तुमच्या बिल्डिंगची? पत्रेवाला मिळेपर्यंत राहणार ते तिथेच. लोकांचं रेशीम भिजवू का मी?”

“नाही, काढू नका,” त्या म्हणाल्या. “काढलं तर गळेल. फक्त यांच्या चेहऱ्यावर वीट आलीय. ती तेवढी बाजूला सरकवता आली तर बघा.”

“कोणाच्या?”

“आमच्या यांच्या.”

मला कळायला वेळ लागला. त्यांचे यजमान हिवाळ्यात गेले होते. श्रद्धांजलीचा फ्लेक्स कितीतरी दिवस चौकात होता. दोरा-अस्तर आणायला मी रोज त्याच्याखालून जात होते. गल्लीत कोणी गेलं की मी पिठलं-भात करून पाठवते, दहाव्याच्या आत भेटून येते. त्यांच्याकडे गेले नाही. वरच्यांकडे आपलं काय काम, असं म्हणाले होते, तेही चार बायकांत. आणि आता त्या माणसाला मी विटा ठेवून पत्र्यावर पसरलं होतं, त्याच्या बायकोच्या डोळ्यांसमोर. लाज वाटली म्हणणं फार थोडं होईल. त्यांनी माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

“काकू, मी आत्ताच काढते,” म्हणत मी शिडीकडे वळले.

त्यांनी माझं मनगट धरलं. “नको. पहिल्या दिवशी उठून गॅलरीत आले तर खाली हे. घाबरलेच. मग बरं वाटलं. घरातला फोटो लहान आहे हो, कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून घेतलेला. हा केवढा मोठा आहे. मी चहा तिथेच बसून घेते आता. वीट तेवढी बघा.”

आमचे हे कामाला गेले होते. मी पदर खोचला, फळी टाकली आणि वर गेले. वीट नाकापासून हनुवटीपर्यंत होती. ती उचलली तर खाली तांबडा डाग, गालावर ओघळलेला. कपाळावर कबुतराची घाण. मी पदर ओला करून पुसत राहिले. घाण निघाली, विटेचा डाग थोडा राहिलाच. हसरा चेहरा होता त्यांचा. मान वर केली तर काकू गॅलरीत येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, आणि खाली त्या चेहऱ्याकडेही बघवेना. फळीवर बसल्या बसल्या मी हात जोडले. भेटायला जायचं राहून गेलेलं, ते असं पत्र्यावर बसून झालं, आणि तेही मला बोलावणं आल्यावर.

जूनच्या तोंडाशी पत्रेवाला आला. दोन्ही तडकलेले पत्रे काढून नवे बसवले, बोल्टांचे वॉशर बदलले. फ्लेक्स काढणं भागच होतं. मी तो साबणाने धुतला, सावलीत वाळवला आणि चेहऱ्यावर घडी येऊ नये म्हणून सुरळी केली. ती घेऊन मी त्या इमारतीत गेले. लिफ्टमध्ये काय बोलायचं ते ठरवत होते. माफी मागायची होती, त्यांच्या यजमानांबद्दल विचारायचं होतं.

काकूंनी दार उघडलं. सुरळीकडे त्यांनी बघितलं असेल नसेल, आधी म्हणाल्या, “गळायचं थांबलं का, ताई?”

“हो, थांबलं,” मी म्हटलं आणि सुरळी पुढे केली. त्यांच्या खांद्यावरून गॅलरी दिसत होती. कठड्याला लागून खुर्ची होती, बाजूच्या स्टुलावर चहाचा कप, आणि समोर खाली आमचा नवा, स्वच्छ, रिकामा पत्रा.