चंद्राबाईंचं पूर्ण नाव

खालापूरला आमच्या नर्सिंग कॉलेजात सरावासाठी एक रबरी बाहुला आहे. त्याचा हात केव्हाच निखळला, म्हणून पेशंट म्हणून आम्ही चंद्राबाईंना झोपवतो. एरवी त्या वर्ग झाडतात. पण पलंगावर आडव्या झाल्या की त्यांच्याइतका खडूस पेशंट शोधून सापडणार नाही. न विचारता अंगाला हात लावला की पोरीला चापट! "आधी इचार, मंग हात लाव. मी काय भोपळा हाय?" माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त नर्सा घडवल्या, पण हे मी प्राचार्यांसमोर कबूल करणार नाही.

श्रद्धा प्रात्यक्षिकात एकदा नापास झालेली. कर्जतच्या एका दवाखान्यात तिची नोकरी ठरली होती, पण या खेपेला पास झाली तरच. चंद्राबाईंनाच तिच्यापेक्षा जास्त घोर लागलेला.

सरावाचे प्रश्न मी काढते. या वेळी जरा जास्तच शहाणपण केलं, प्रश्नात चंद्राबाईंचंच नाव घातलं: वॉर्डात दोन चंद्राबाई भोईर आहेत, एकीच्या नवऱ्याचं नाव हिरामण, दुसरीच्या आबाजी. गोळी देण्याआधी ओळख कशी पटवाल? उत्तर सोपं आहे. पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लावायचं. आपणच नाव घेऊन 'हो ना?' विचारायचं नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही मान डोलावतो. मुलींनी हे कागदावर सोडवलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी प्रात्यक्षिकालाच ठेवलं.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा," श्रद्धा म्हणाली.

"चंद्राबाई भोईर."

"मधलं नाव?"

चंद्राबाई छताकडे बघू लागल्या, आणि तेव्हा कुठे मला आठवलं. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आबाजी आमच्याच फाटकावर वॉचमन आहेत. त्यांना चहाला बोलवायचं तरी त्या नुसतं "अवं" म्हणून हाक मारतात. प्रश्न काढताना माझी अक्कल शेण खायला गेली होती.

"उखाण्यात घेऊ का?" चंद्राबाईंनी हळूच विचारलं.

"पेशंटला ताप एकशे तीन आहे, उखाणे कसले?" परीक्षक बाई म्हणाल्या. "एक मिनिट उरलंय."

श्रद्धा गोळीची वाटी घेऊन पलंगाशी वाकली. नाव तिला ठाऊक होतं, पण तिनं ते घेतलं नाही. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

चंद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पदर डोक्यावर ओढला, डोळे गच्च मिटले आणि खच्चून ओरडल्या, "चंद्राबाई आबाजी भोईर!"

श्रद्धानं त्यांच्या मनगटावरची पट्टी वाचून नाव पडताळलं आणि गोळी दिली. परीक्षक बाईंनी पूर्ण गुण मांडले.

तेवढ्यात काठी घेऊन, धापा टाकत आबाजी दारात. "काय झालं? माजं नाव कोन बोललं?"

सगळ्यांनी पलंगाकडे पाहिलं. आबाजींची काठी सावकाश खाली आली.

"पुन्यांदा बोल की गं," ते म्हणाले.

"परीक्षा संपली," चंद्राबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.