मानपत्राचा मजकूर

आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेत पुरस्कार मिळाला की मानपत्राचा मजकूर ज्याचा त्यानेच लिहून द्यायचा असतो. मीही दिला: 'जमावाने हल्ला केला, तरी डॉक्टरांनी रुग्णाचा श्वास थांबू दिला नाही.'

हे खोटं होतं. मोहोळजवळच्या अपघातातला एक तरुण आमच्या रुग्णालयात भूल दिल्यावर दगावला होता. दुसऱ्या जखमीचं ऑपरेशन चालू असताना त्याचे नातेवाईक थिएटरचं दार फोडून आत घुसले. "कुटं हाय त्यो भूल देणारा? फोडा त्याला!" सर्जनच्या डोक्यात सलाइनचा स्टँड बसला, रक्त उडालं. व्हेंटिलेटर उलथून बंद पडला. अशा वेळी हाताने फुगा दाबून रुग्णाला श्वास द्यावा लागतो. मी दोनदा दाबला आणि टाकून कपाटामागे लपलो. थिएटरमधल्या सिस्टरनी तो उचलला. एकाने त्यांच्या मनगटावर सळई हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला कपाटामागे आला. सिस्टर दुसऱ्या हाताने फुगा दाबत राहिल्या. पोलीस येईपर्यंत.

सोलापुरातल्या समारंभाला त्या आल्या होत्या. मानपत्र वाचून झाल्यावर पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "लई भारी लिवलंय की सर. कुणी लिवलं वो?"

मी माईक घेतला. "मी लपलो होतो. फुगा सिस्टरनी दाबला."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्षांनी मला मिठी मारली. "बघा, केवढा हा विनय!"

"अहो, खरंच सांगतोय," मी ओरडलो. टाळ्या आणखी वाढल्या. सिस्टर उठून बाहेर निघून गेल्या.