वहिनीचा सहावा प्राणी

माझी वहिनी चाव्या बनवते. एकाच गाळ्यात आम्ही दोघी: डावीकडे तिचं मशीन आणि कानशी, उजवीकडे माझं बॅगांच्या चेनी दुरुस्तीचं टेबल. भावाची पहिली बायको गेली तेव्हा त्याची पोरगी दहाची होती, आता पंधराची. भावाने वहिनीशी लग्न केलं त्याला अकरा महिने झाले. पोरगी नव्या आईशी भांडत नाही, हेच मला खुपायचं. "हो." "नको." "तिथे ठेवा." बँकेच्या खिडकीवर बोलावं तसं.

मग वहिनीने काय करावं? पोरीचा तो फोनवरचा, बॉल मारून प्राणी पकडायचा गेम शिकायला घेतला. चाळिशीत! मी हसून हसून बेजार. पण बाई चिकट. कोरी चावी घासता घासता पुटपुटायची, "पाण्याला वीज मारते, विजेला माती गिळते."

रविवारी जोड्यांची स्पर्धा होती आणि पोरीची जोडीदारीण आयत्या वेळी गळाली. पोरगी वहिनीला म्हणाली, "तुमच्याकडे चिखल्या असेल तर बघू. नाहीतर मी नाव काढून घेते." पोरीचे निम्मे प्राणी पाण्यातले, वीज पडली की आडवे. चिखल्या हा मातीतला प्राणी, वीज गिळतो; टीमला सहा लागतात, वहिनीचे पाच ठरले होते, सहावा हा हवा होता. पण अख्ख्या गेममध्ये तो एकदाच भेटतो, आणि ताजातवाना असला तर शंभर बॉल मारावेत तेव्हा तीनदा अडकतो.

शुक्रवारी पाचला नोंदणी बंद होणार होती. पावणेपाचला वहिनीला चिखल्या भेटला. काउंटरवर कुलूपवालं गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी बाकावर बसवलं.

अशा प्राण्याला आधी मारून अर्धमेला करायचा, मग झोपवायचा, मग बॉल टाकायचा. वहिनीने अर्धमेला केला आणि झोपवण्याऐवजी विष घातलं. विषानेही थोडं जास्त अडकतं, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं होतं. ते दर खेपेला त्याचा जीव खातं, हे विसरली.

तेवढ्यात शाळेतून पोरगी आली. तिने मागून स्क्रीन पाहिली आणि दप्तर खांद्यावरच राहिलं.

पहिला बॉल. तीनदा हलून बंद राहिला की प्राणी आपला. एकदा हलला, दोनदा हलला, फुटला. चिखल्याचा जीव दाखवणारी पट्टी आणखी आखूड झाली.

"बंद करून परत सुरू कर की," मी म्हणाले.

"नाही चालत, आत्या," पोरगी म्हणाली. "भेटला की तिथेच सेव्ह होतं."

वहिनीने दुसरा बॉल टाकला. एकदा. दोनदा. तीनदा हलला! आणि मेला बॉल फुटला. पट्टी लाल झाली, विषाने शेवटचा घास घेतला आणि चिखल्या कोसळला. संपलं.

वहिनीने फोन काउंटरवर ठेवला. "नाही जमलं मला. काढून घे तू नाव."

पोरीने फोन उचलला. मला वाटलं, आता नाव काढते. पण ती वहिनीची टीम बघत बसली. एकेक प्राणी उघडून निरखायची.

"हे पाच कुणी निवडले?"

"मीच."

"ह्यातला एकही मारायला जात नाही. हा माझ्या माशाला सांभाळतो, ही माझ्या बगळ्याला. सगळे माझ्यासाठीच?"

"मग कुणासाठी घेणार?" वहिनी म्हणाली.

घड्याळात पाचला आठ कमी. पोरीने अर्ज भरला. पाच प्राणी लिहिले, सहावी जागा रिकामी सोडली आणि बटण दाबलं. मग वळली ती आवाज चढवूनच.

"पकडायच्या वेळी कुणी विष घालतं का? डोकं कुठे होतं तुझं? मला एक फोन करता येत नव्हता? रविवारी मी सांगितल्याशिवाय एक बटण दाबशील तर बघ!"

वहिनी मान खाली घालून ऐकत होती आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. बाकावरचं गिऱ्हाईक कळवळून मला म्हणालं, "अहो ताई, आवरा तिला, आईला असं बोलतात का?"

"बसा हो गप्प," मी म्हणाले. "बोलू द्या तिला."